35 चे टायर आणि 3.21 चं दुखणं

गेल्या शनिवारी आमच्या एका मित्राची जीप आयझेनहॉवर बोगद्याच्या चढावर अक्षरशः रांगत होती. डेन्व्हरहून आय-70 ने पश्चिमेला निघालं की हा चढ चुकत नाही, बोगदा साधारण 11,000 फुटांवर आहे. शेजारून सामान लादलेल्या मिनीव्हॅन भुर्रकन निघून जात होत्या आणि साहेब चौथ्या गिअरवरून तिसऱ्यावर. मागच्या सीटवर सहा वर्षांची लेक विचारतेय, "बाबा, आपली गाडी दमली का?"

दमली नाही गं बाळा, तुझ्या बाबाने तिला दमवली!

गाडी 2014 ची रँग्लर स्पोर्ट. मूळचे टायर 29 इंची. यांनी घातले 35 चे, का तर पार्किंग लॉटमध्ये भारी दिसतात. अॅक्सलमधले गिअर मात्र तेच, 3.21 चे. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्ट 3.21 फेरे मारणार. टायर वाढला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, म्हणून इंजिनाला प्रत्येक फेऱ्याला जास्त जोर लावावा लागतो. 3.21 ला 29.3 ने गुणा आणि 35 ने भागा. उत्तर येतं 2.69. असलं गिअरिंग हायवेवर सुसाट पळायच्या गाडीला शोभतं, दगडांवर चढायच्या नाही. त्यात या उंचीवर विरळ हवेमुळे साध्या पेट्रोल इंजिनाची 30 टक्क्यांच्या आसपास ताकद तशीच गेलेली असते.

दुकानाने काय केलं? स्पीडोमीटर नव्या टायरप्रमाणे सेट करून दिला आणि "यू आर ऑल सेट!" म्हणाले. मंडळी, याला आपल्या धंद्यात लॉगमधली एरर गप्प करून बग प्रॉडक्शनला सोडणं म्हणतात.

बरं, कंपनीने तर उत्तर लिहूनच ठेवलंय. त्याच पिढीच्या रुबिकॉनला 32 चे टायर आहेत आणि गिअर 4.10 चे (क्राऊनचे 41 दात, पिनियनचे 10, बस). टायर मोठा, म्हणून रेशो मोठा. कोणीतरी इंजिनिअरने डोकं लावूनच केलंय ना ते?

यावर ठरलेले युक्तिवाद येतात. पहिला, "अरे, आरपीएम कमी म्हणजे पेट्रोल कमी." कमी, पण सहावा गिअर टिकला तर! तो टिकतच नाही. खालच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबून बसायचं, मग कसलं मायलेज?

दुसरा, "लो रेंज आहे की." आहे, पण ती ट्रेलवर. कोरड्या हायवेवर कोण फोर-लो लावतं? आणि ट्रेलवरही उतारावर काय होतं ते बघा. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी धरून ठेवायची, ब्रेकला फक्त मदतीला घ्यायचं, ही रीत. आता त्याच आरपीएमला गाडी जवळजवळ 20 टक्के जास्त वेगाने उतरते. म्हणजे पाय सतत ब्रेकवर. टायर जड, ब्रेक मूळचेच, ते तापणार. एका बाजूला दरी आणि मागे ती चिमुरडी. मला खरा राग येतो तो इथे. दिसण्याचा शौक कर रे बाबा, पण तो फुकटचा नाही हे कोणीतरी आधी सांगा ना!

संध्याकाळी त्याचा क्लच जळल्यासारखा वास मारत होता. चढावर गाडी हलवायला अर्धा क्लच धरून बसावं लागत होतं, दुसरं काय होणार?

मग कागद घेऊन बसलो. 4.10 गुणिले 35 भागिले 32, झाले 4.48. त्याच्या जवळचा बाजारात मिळणारा गिअर 4.56. जड टायर आणि ही उंची धरली तर बरेच जण थेट 4.88 घालतात, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही अॅक्सलला एकच रेशो लागतो, नाहीतर फोर व्हील लावताच दोन्हीकडे ओढाताण होऊन काहीतरी तुटणार. शिवाय दातांमधली फट इंचाच्या हजाराव्या भागात मोजून बसवायची, म्हणजे मजुरी चांगलीच.

"एवढं बजेट नाही रे आता," तो म्हणाला.

"मग हे विक आणि 31 चे घे."

रविवारपासून त्याचा फोन नाही.