गरोदरपणात ‘हार्टची गोळी’ : भीती कशाची आणि उशीर कुठं होतो?

सातारा/सांगली : दिवस गेलेल्या सुनेला डॉक्टर अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी लिहून देतात आणि घरात लगेच प्रश्न उठतो, “ही तर सासऱ्यांची हार्टची गोळी, हिला कशाला?” रक्त पातळ होईल, बाळाला धोका होईल, या भीतीनं पाकीट कपाटात पडतं. गोळी तीच आहे हे खरं, पण देण्याचं कारण वेगळं आहे.

गरोदरपणात पाचव्या महिन्यानंतर काही बायांचं बीपी १४०/९० च्या वर जातं, लघवीतून प्रथिनं जायला लागतात. याला डॉक्टर प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. वाढलं तर आकडी येते, बाळाची वाढ खुंटते, मुदतीआधी बाळंतपण करावं लागतं. दुखणं दिसतं उशिरा, पण त्याचं मूळ पहिल्या चार-पाच महिन्यांत असतं. त्या काळात वारेच्या रक्तवाहिन्या नीट तयार झाल्या नाहीत तर पुढं त्रास होतो. म्हणून गोळी साधारण १२ ते १६ आठवड्यांत सुरू करतात. बीपी वाढल्यावर ती सुरू करून आजार बरा होत नाही.

याचा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. बेळगाव आणि नागपूर भागासह सहा देशांत पहिलटकरणींवर मोठी चाचणी झाली. ११,९७६ बायांचा त्यात सहभाग होता. निम्म्यांना ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना औषध नसलेली तशीच गोळी दिली. २०२० साली निकाल आला. ३७ आठवड्यांआधी बाळंत होणाऱ्यांचं प्रमाण शेकडा १३.१ वरून ११.६ वर आलं. जन्माच्या आसपास दगावणारी बाळं हजारी ५३.६ वरून ४५.७ झाली. बीपीच्या त्रासाच्या एकूण आकड्यात मात्र फारसा फरक पडला नाही.

२०१७ च्या युरोप आणि इस्रायलमधल्या चाचणीत फक्त जास्त धोक्याच्या बाया निवडल्या होत्या. त्यांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम गोळी दिली. मुदतीआधी बाळंतपण करायला लावणारा प्रीएक्लॅम्पसिया शेकडा ४.३ वरून १.६ वर आला. म्हणजे योग्य बाई निवडली आणि वेळ साधली, तर गोळीचा फायदा जास्त.

मग गोळी कुणाला? आधीच्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं, आधीपासून बीपी, शुगर किंवा किडनीचा आजार आहे, जुळं आहे, यातलं एक कारण असलं तरी डॉक्टर विचार करतात. पहिलं बाळंतपण, वय ३५ च्या वर, जास्त वजन, आई-बहिणीला हाच त्रास, यातली दोन कारणं एकत्र आली तरी विचार होतो.

खरी अडचण वेळेची आहे. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत. तोवर नेमके कामाचे आठवडे निघून जातात. खानापूर, आटपाडीकडची गलाईवाल्यांची कुटुंबं परराज्यात असतात, सून सातव्या महिन्यात माहेरी येते. माण, जतकडच्या ऊसतोडीला गेलेल्या बाईचा मुक्काम हंगामभर फडावर. गावची आशाताई इथं, बाई तिथं. कार्डावर बीपीच्या नोंदी नसतील तर नव्या डॉक्टरला धोका कळणार कसा?

गोळी स्वस्त आहे, पण म्हणून सासऱ्यांच्या डबीतली काढून देऊ नये. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटात अल्सर, रक्तस्रावाचा आजार किंवा या गोळीनं दमा वाढत असेल तर ती चालत नाही. डोकेदुखीची अ‍ॅस्पिरिनची मोठी गोळी तर वेगळीच गोष्ट. डोस किती, आणि ३६ व्या आठवड्याच्या सुमारास बंद करायची का पुढं चालू ठेवायची, हे डॉक्टरच ठरवतील. भीती वाटली तर गोळी परस्पर बंद करू नका, जाऊन विचारा.

पाळी चुकली की १२ आठवड्यांच्या आत उपकेंद्रात नोंद करा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. मागच्या बाळंतपणाची सगळी हकीकत तिथं सांगा. सरकारी कॅल्शियमच्या गोळ्याही टाकून देऊ नका. जेवणात कॅल्शियम कमी असणाऱ्या बायांना त्याही बीपीच्या त्रासापासून वाचवतात. माहेरी जाताना माता-बाल सुरक्षा कार्ड सोबत न्या.

आणि गोळी चालू असली तरी तपासणी सोडू नका. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, छातीखाली पोटात दुखणं, तोंडा-हातावर अचानक सूज, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. बाळंतपणानंतरही काही आठवडे हा धोका राहतो, हे घरातल्या पुरुषांनाही ठाऊक हवं. रात्री गाडी काढायची वेळ त्यांच्यावरच येते.