चार वर्षांचा शिपाई

'अग्निवीरांना भाडोत्री म्हणू नका,' असं मित्र ठणकावतात. मान्य. भाडोत्र्यांची अवस्था बरी होती, पगार वाजवून घेत. (आमचा इब्राहिमखान गारदीही पगारीच, पण १७६१ ला पानिपतावर शेवटपर्यंत लढला, पकडून मारला गेला.) इथे २०२२ पासून चार वर्षांचा करार, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, पुढे जास्तीत जास्त पंचवीस टक्के ठेवणार. बाकीच्यांच्या जागी नवी पोरं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या देवळालीत सरावात तोफगोळा फुटून दोन अग्निवीर गेले. नियमित जवान असते तर घरच्यांना कौटुंबिक पेन्शन लागू झाली असती. अग्निवीराच्या घरी फक्त एकरकमी पैसे. तिरंग्यात गुंडाळताना करार कुणी पाहत नाही, मग पेन्शनच्या वेळीच का पाहता? पेन्शन द्या. निदान मेलेल्यांच्या आईबापांना तरी.