फेणे मोठा का झाला?

मुलांच्या पुस्तकातला नायक रुपेरी पडद्यावर आणायचा म्हटले, की निर्मात्यापुढे एक पेच पडतो. चित्रपट दाखवायचा कोणाला? ते पुस्तक आज वाचणाऱ्या मुलाला, की एकेकाळी वाचलेल्या त्याच्या बापाला? तिकिटाचे पैसे बाप देतो, हे ध्यानात घेतले म्हणजे उत्तर बहुधा ठरूनच जाते.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ साली पडद्यावर आला, तेव्हा असेच काहीसे झाले. आमच्या पिढीला ठाऊक असलेला बनेश फेणे म्हणजे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काटकुळा, सायकलवर भरधाव सुटणारा शाळकरी पोरगा! जिभेने ‘टॉक्’ केले, की समजावे, स्वारीला काहीतरी सुचले. तो प्रतापगडावर गेला, गुलमर्गचे गूढ त्याने उकलले. आणि रत्नागिरीच्या पावसात, वीज गेलेल्या संध्याकाळी, कंदिलाशेजारी बसून आम्हीही त्याच्याबरोबर सगळीकडे हिंडून आलो.

आदित्य सरपोतदारांच्या चित्रपटातला फेणे मात्र वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला आलेला तरुण आहे. एका परीक्षार्थी मुलाचा मृत्यू, त्यामागचा परीक्षेचा काळा बाजार आणि गिरीश कुलकर्णींनी रंगवलेला थंड डोक्याचा खलपुरुष, असा सगळा मामला. अमेय वाघने फेण्याची चपळाई छान उचलली आहे. पण मला सर्वांत भावली ती एक कल्पना. हा फेणे पुण्यात उतरतो तो भा. रा. भागवतांच्याच घरी! ती भूमिका दिलीप प्रभावळकरांची. भागवत २००१ साली गेले. त्यांच्या लेखणीतून जन्मलेल्या पोराने त्यांच्याच घरी मुक्कामाला यावे, हे पाहताना माझे डोळे पाणावले.

शेजारी बसलेल्या माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याचे मात्र कोरडे होते. त्याला मी दोन-तीन पुस्तके वाचून दाखवली होती. तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, “मामा, पण हा फेणे मोठा का झाला?”

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. भागवत गेले त्याच वर्षी विलायतेत हॅरी पॉटरचा पहिला चित्रपट झळकला. मूळ पुस्तक मराठीतही आले आहे, ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने. त्या मंडळींनी अकरा वर्षांचा नायक अकरा वर्षांचाच ठेवला. पुढे २०११ पर्यंत आठ चित्रपट निघाले, आणि नट व प्रेक्षक बरोबरीनेच मोठे झाले. आमचा फेणे पहिल्याच चित्रपटात बालपण ओलांडून आला!

निर्मात्यांची अडचण मला कळते. पोरांच्या खाऊच्या पैशांवर मराठी चित्रपट चालत नाही, आणि प्रवेशपरीक्षेची धास्ती आज घरोघरी आहे. पण नायकाचे वय वाढवले, की केवळ अंगरखा बदलत नाही, आशयच बदलतो. तरुणाने गुन्हेगार पकडला तर आपण त्याला शूर म्हणतो. शाळकरी पोराने पकडला, तर वाचणाऱ्या पोराला वाटते, ‘अरे, मलाही जमेल!’ मोठी माणसे जिथे डोळेझाक करतात तिथे लहान मूल नेमके पाहते, हा भागवतांचा विश्वास होता. फेण्याचे लहानपण हाच त्याचा परीस!

परवा वर्गात मी सहज विचारले, “फास्टर फेणे कोण?” एक विद्यार्थिनी चटकन उठून म्हणाली, “सर, तो मेडिकलची परीक्षा द्यायला आलेला!” उत्तर चूक म्हणता येईना. पुस्तकाची गोष्ट काढली, तर वर्गातले चारच हात वर आले.

चित्रपट चांगला आहे, जरूर पाहा. पण ही पुस्तके आजही मिळतात. यंदा फराळाचे ताट पुढे करताना मुलांच्या हाती एखादे द्या, आणि पहिली चार पाने तुम्हीच मोठ्याने वाचा. पाचव्या पानावर ते पुस्तक तुमच्या हातून ओढून घेतले गेले, तर रागावू नका. फेणे पुन्हा लहान झाला, एवढेच समजा.