स्वखर्चाने छापलेले पुस्तक

आपले माजी विद्यार्थी स्वतःचा कवितासंग्रह हाती देताना हळूच म्हणतात, "सर, स्वखर्चाने छापला आहे." हा संकोच आम्हांस अनाठायी वाटतो.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या नियोजित अध्यक्षीय भाषणातील मजकुरावर आक्षेप घेतला. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळविले. अधिवेशन रद्द झाले. मग ते भाषण त्यांनी स्वखर्चाने प्रसिद्ध केले. तोच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हा ग्रंथ. इंग्रजी आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गुजराती व तमिळ भाषांतरे निघाली. १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका आणि तिला दिलेले उत्तर, दोन्ही समाविष्ट झाले. विरोधकाचे म्हणणेही आपल्याच पुस्तकात छापण्याचे हे धैर्य आम्हांस विशेष मोलाचे वाटते.

स्वखर्चाने बाबासाहेबांनी मिळविला तो आपल्या शब्दांवरील हक्क. आज मात्र होतकरू कवीकडून पैसे घ्यायचे, मुद्रिते न तपासता छापायचे आणि गठ्ठे त्याच्याच घरी टाकायचे, असाही व्यवसाय चालतो. त्यास आम्ही प्रकाशन म्हणत नाही. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवर सतरंजी अंथरून पुस्तिका विकणारा कार्यकर्ता आमच्या मते अधिक खरा प्रकाशक. पुस्तक वाचकापर्यंत जाते ते त्याच्यामुळे.

शाळेच्या ग्रंथालयात माजी विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठी एक कपाट असावे, असे आम्हांस वाटते. प्रती जरूर पाठवाव्यात. शुद्धलेखनाच्या चुका आम्ही लाल शाईने दाखवू. जुनी खोड आहे.