हळद खटला जिंकली, म्हणून काय झालं?

उल्हासनगरच्या कॅम्पातली बराक असो, अंबरनाथची चाळ असो की बदलापूरचा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, कढईतलं तेल हातावर उडालं की सल्ले तेच येतात. टूथपेस्ट लाव, हळद-तूप लाव, आणि काही झालं तरी पाणी लावू नकोस, फोड येईल. हे शेवटचं वाक्य सगळ्या लेपांपेक्षा घातक आहे.

फोड पाण्याने येत नाही. उष्णतेने दुखावलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, वरची कातडी सुटते आणि फोड येतो. तवा बाजूला केला तरी कातडीत शिरलेली उष्णता आत भाजतच राहते. ती बाहेर काढतं ते गार, वाहतं पाणी, २० मिनिटं. उशीर झाला तरी तीन तासांच्या आत त्याचा उपयोग होतो. बर्फ मात्र नको. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखावलेली कातडी आणखी बिघडते.

‘इथे नळाला पाणी असतं कुठे?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या गृहिणीला पाण्याची वेळ सांभाळूनच दिवस काढावा लागतो. पण धार बारीक चालते. मिनिटाला एक लिटर धरलं तर २० लिटर, म्हणजे एक मोठी बादली. तांब्याने हळूहळू ओतत राहायचं. बांगड्या, अंगठी आधी काढायच्या, कारण थोड्या वेळाने सूज त्या काढू देत नाही. चिकटलेला कपडा मात्र ओढायचा नाही.

आता हळदीचे वकील. ‘अमेरिकेशी भांडून हळद जिंकली’ हा त्यांचा हुकमी एक्का. खटला खरा आहे. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं, रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण वाद होता तो ही कल्पना नवी आहे की जुनी, एवढाच. भाजल्याभाजल्या कातडीवर हळद थापावी, असा निकाल कुणीच दिला नाही. (वरणातल्या हळदीशी माझं काही भांडण नाही.) लेपाखाली जखमेचा रंग लपतो, डॉक्टरांना खोली कळत नाही आणि तो खरवडून काढताना रुग्ण कळवळतो.

‘आजीने पेस्ट लावली, आठवड्यात बरं झालं’ याला उत्तर सोपं आहे. वरवरचं भाजलेलं काही न लावताही साधारण तेवढ्याच दिवसांत बरं होतं. श्रेय पेस्टला मिळतं.

खरी गफलत ओळखण्यात होते. लाली आणि आग आग, फोड नाही: वरवरचं. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून ऊन लागतं का ते बघावं. फोड आणि ओली गुलाबी जागा: थोडं खोल. पांढरी, तपकिरी किंवा चामड्यासारखी जागा, आणि दुखत नाही: सगळ्यात वाईट, कारण तिथल्या मज्जातंतूच जळाले. ‘दुखत नाही ना, मग झोप’ असं सांगून घरचे नेमके इथेच फसतात.

रुग्णाचा स्वतःचा बोटांसकट तळवा म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण एक टक्का. फोड त्याहून मोठ्या जागेवर असतील, चेहरा, हात, सांधा किंवा गुप्तांग भाजलं असेल, मूल लहान असेल, विजेचा झटका असेल, तर घरगुती उपचारांचा विषय संपला. फोड न फोडता स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने सैल झाकायचं आणि १०८ला फोन करायचा. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे. मोठ्या जखमांसाठी ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे.

कारखान्यांच्या या पट्ट्यात आणखी एक हुशारी चालते: ॲसिड सांडलं की वर सोडा. त्या दोघांच्या झटापटीतही उष्णता निघते. कोरडी पूड असेल तर आधी झटकायची, मग भरपूर पाणी, इथे २० मिनिटांवर थांबायचं नाही. आणि बाटली सोबत न्यायची, लेबलासकट.