स्वस्त कंत्राट, महाग उपचार?

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ‘ईसीएचएस’, १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. तोपर्यंत निवृत्त जवानाला लष्करी रुग्णालयाचाच काय तो आधार होता. सोलापुरात असे रुग्णालय नाही आणि पुण्याचे कमांड हॉस्पिटल सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. आता शहरात योजनेचे पॉलिक्लिनिक आहे. तथापि, हा मार्ग काटकसरीचा ठरला का, याचा हिशेब मांडायला हवा.

नवी रुग्णालये बांधण्याऐवजी सरकारने पॉलिक्लिनिक काढली आणि तेथील डॉक्टर व कर्मचारी कंत्राटावर नेमले. पुढील उपचारांसाठी खासगी रुग्णालयांशी करार करून दर आधीच ठरवून दिले. कागदावर हे स्वस्त दिसते. प्रत्यक्षात पॉलिक्लिनिकमधील औषधांचा तुटवडा आणि खासगी रुग्णालयांच्या बिलांतील अनियमितता यांवर ‘कॅग’ने २०१५ च्या अहवालात बोट ठेवले. बाह्यरुग्ण विभागात औषध मिळाले नाही, तर आजार बळावतो आणि रुग्णालयाचे बिल वाढते. वाचलेला रुपया दुसऱ्या दाराने बाहेर पडतो.

अमेरिकी लष्करानेही १९८० च्या दशकात सैनिकांची कुटुंबे व निवृत्तांसाठी खासगी कंत्राटदारांमार्फत बाह्यरुग्ण केंद्रे उघडली. एका भेटीचा खर्च कमी असला, तरी मोफत सेवा जवळ आल्यावर भेटी वाढतात; मग एकूण खर्च घटतो की वाढतो, हा प्रश्न तेथेही उभा राहिला.

मात्र वाढलेली प्रत्येक भेट उधळपट्टी नसते. करमाळ्याहून शंभर किलोमीटरपेक्षा अधिक प्रवास करून येणारा वृद्ध सैनिक किंवा त्याची विधवा पत्नी रक्तदाबाची तपासणी टाळते. त्यातून पुढे पक्षाघात वा डायलिसिस उद्भवले, तर त्याचा खर्च अशा कितीतरी भेटींहून अधिक असतो. शिवाय एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी सरकारी हिशेबात कोठेच येत नाही.

म्हणून कंत्राटाचे मोजमाप बदलले पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांशी दरडोई वार्षिक रकमेचा करार करावा, औषधे तेथेच द्यावीत आणि देयके वेळेवर चुकती करावीत. किती रुग्ण तपासले यापेक्षा किती जणांचे रक्तदाब व मधुमेह आटोक्यात राहिले, हे पाहावे. सैनिकाने निवृत्तीच्या वेळी या योजनेसाठी अंशदान भरलेले असते. उपचार हा त्याचा हक्क आहे, उपकार नव्हे.