खाजेची ट्यूब परत ठेवा

नंदुरबार असो, शहादा असो की धडगाव, मेडिकलच्या दुकानात एक मागणी रोज होते : "भाऊ, खाजेची ट्यूब द्या." खाज कुठे येते, किती दिवसांपासून येते, घरात आणखी कुणाला आहे का, हे कुणी विचारत नाही. ट्यूब मिळते, दोन दिवसांत खाज थांबते आणि मग तीच ट्यूब आईच्या मानेला, भावाच्या जांघेत, लहान्याच्या गालावर फिरू लागते. माझं सांगणं एवढंच आहे : डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ही ट्यूब अंगाला लावू नका.

घरात अशी ट्यूब असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचून घ्या. बहुतेक ट्यूबमध्ये एका औषधाऐवजी तीन-चार औषधं एकत्र असतात. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल अशी ‘झोल’ने संपणारी नावं बुरशीच्या औषधांची. निओमायसिन, जेंटामायसिन ही जिवाणू मारणारी. आणि बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ते स्टेरॉइड. दोन दिवसांत जो गुण येतो तो मुख्यतः याच्यामुळे.

गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा आजार. अंगाची लाली, आग, खाज ही आपलं शरीर त्या बुरशीशी लढत असल्याची खूण. स्टेरॉइड ही लढाईच थांबवतं. खाज जाते, लाली उतरते, बुरशी मात्र जागेवर असते आणि तिला आता अडवणारं कुणी नसतं. ट्यूब बंद केली की आजार परत येतो, तोही मोठा होऊन. जांघेतला चट्टा कमरेपर्यंत पसरतो, एका कड्यात दुसरं कडं उमटतं. महिनोन्‌महिने लावत राहिलं तर कातडी पातळ होते, मांड्यांवर कायमचे पट्टे पडतात. गोरं होण्यासाठी चेहऱ्याला लावणाऱ्या मुलींचे गाल लाल होतात, उन्हात आग होते, मुरुमं उठतात. देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते आणि त्यांपैकी ३९२ जणांना त्याचा अपाय झालेला होता.

आता ट्यूबमधल्या जिवाणू मारणाऱ्या औषधाकडे वळू. बुरशीवर त्याचा काहीच उपयोग नाही. उलट ते जे मारतं, त्यातलं बरंचसं आपल्या कामाचं असतं. आपल्या कातडीवर जिवाणू आणि बुरशींची कायमची वस्ती आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या एलिझाबेथ ग्राइस आणि ज्युली सेग्रे यांनी २००९ साली निरोगी माणसांच्या अंगावरच्या २० जागा तपासल्या, तेव्हा काखेतली वस्ती वेगळी आणि कोरड्या हातावरची वेगळी निघाली. पुढे २०१२ मध्ये हायडी काँग आणि सहकाऱ्यांनी इसब असलेली मुलं पाहिली. इसब उसळलं की स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू माजतो आणि बाकीच्या जाती कमी होतात, उपचारानंतर त्या परत येतात, असं त्यांना दिसलं. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड गॅलो यांच्या गटाने त्याच्या पुढचं दाखवलं : निरोगी कातडीवरचे काही निरुपद्रवी जिवाणू स्वतःच असं द्रव्य तयार करतात, जे या ऑरियसला मारतं. कपाशीवर नको ती फवारणी केली की किडीबरोबर मित्रकीटकही जातात आणि पुढच्या वेळी कीड दुप्पट येते, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. कातडीचंही तसंच आहे.

या संशोधनाचं नाव पुढे करून कुणी ‘चांगल्या जिवाणूंचं’ महागडं क्रीम विकायला आलं, तर घेऊ नका. संशोधनाला अजून बराच पल्ला गाठायचा आहे. त्यातून आज घेण्यासारखी गोष्ट बिनपैशाची आहे : कातडीला उगाच छळू नका. कपड्याच्या साबणाने अंग धुऊ नका, दगडाने घासू नका, आंघोळीच्या पाण्यात रोज जंतुनाशक ओतू नका. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते आणि साधा साबण अल्कधर्मी. जितकं घासाल तितकी ती कोरडी पडेल आणि भेगाळेल. इसब असलेल्या मुलाला सौम्य साबण थोडाच लावा आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल चोळा. मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायांचे हात रात्रभर जळतात. मिरचीतला तिखटपणा तेलात विरघळतो, नुसत्या पाण्यात नाही. म्हणून आधी हाताला तेल चोळा, मग साबणाने धुवा. त्या आगीवर ट्यूब लावण्याची गरज नाही.

गजकर्ण आता पूर्वीसारखं सरळही राहिलेलं नाही. भारतभर पसरलेल्या बुरशीच्या एका जातीला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’ असं नाव दिलं. तिच्या कित्येक वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध चालत नाही. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही सापडली. स्टेरॉइडच्या मिश्र ट्यूबांच्या बेसुमार वापराने तिला हात दिला, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. त्यांच्या संघटनेने पाठपुरावा केला आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. नियम कागदावर आहे, तो दुकानात उतरवायचा आहे. मेडिकलवाल्या भावांनो, तुम्ही गिऱ्हाइकाच्या ओळखीतले आहात. तुम्ही "आधी दाखवून या" म्हणालात तर तो ऐकेल.

मग खाज आली तर काय करायचं? गोल, कडेला उठलेला चट्टा असेल तर आरोग्य केंद्रात दाखवा. औषध सांगितलं तेवढे दिवस पूर्ण लावा. चट्टा दिसेनासा झाला म्हणून लगेच थांबू नका. टॉवेल, चड्डी, अंथरूण वेगळं ठेवा, कपडे उन्हात खडखडीत वाळवा, घट्ट जीन्स काही दिवस बाजूला ठेवा. घरात इतरांना असेल तर सगळ्यांचे उपचार एकाच वेळी करा. रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल आणि घरातले सगळेच खाजवत असतील, तर ती बहुधा खरूज. तिचं औषध वेगळं. आश्रमशाळांच्या अधीक्षकांनी आणि ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या टोळ्यांच्या मुकादमांनी हे लक्षात ठेवावं. एकाला बरं करून भागत नाही, बरोबर झोपणाऱ्या सगळ्यांना औषध लागतं.

फिकट किंवा लालसर चट्टा आहे, खाजत नाही आणि तिथे टोचलेलं कळत नाही, तर एक दिवसही थांबू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो. असा चट्टा ट्यूब लावून झाकू नका.

आणखी एक. स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे. इसबावर, सोरायसिसवर डॉक्टर ते मोजून देतात, तेव्हा घाबरून बंद करू नका. आणि चेहऱ्याला महिनोन्‌महिने लावत आला असाल तर एकदम सोडू नका, आग भडकते. आधी दाखवा.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दवाखाना गाठायचा तर भाडं जातं, दिवसाची मजुरी बुडते, हे खरं आहे. पण वर्षभरात किती ट्यूबा घेतल्या ते एकदा मोजून पाहा. आजार तिथेच असेल. पाड्यावर आशाताई येतात, त्यांना आधी चट्टा दाखवा. पुढे कुठे जायचं ते त्या सांगतील. आणि दवाखान्यात जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा. काय काय लावलं हे कळलं की डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होतं.